पकडलेला बिबट्या लांब नेऊन सोडला, तर प्रश्न मिटतो का?

१. पिंजऱ्याभोवतीचा प्रश्न

जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातल्या एखाद्या मळ्यात बिबट्या दिसला की गावाची पहिली मागणी पिंजऱ्याची असते. पिंजरा लागतो, आतल्या कप्प्यात शेळी नाहीतर कोंबडी ठेवली जाते आणि कधी दोन-चार रात्रींत, कधी पंधरवड्याने बिबट्या अडकतो. गर्दी जमते, मोबाइल निघतात आणि कोणीतरी वनरक्षकाला विचारतो : याला लांब जंगलात नेऊन का सोडत नाही? बिबट्या रानातला प्राणी, वस्तीत चुकून शिरला. त्याला परत रानात पोचवला की त्याचेही भागेल आणि आपलीही सुटका होईल. या प्रश्नात अडाणीपणा काहीच नाही. वनखात्यानेही एकेकाळी असाच विचार केला आणि तसेच केले. बिबट्याला न मारता माणसाला वाचवावे, ही त्यामागची इच्छा चांगलीच होती. पण त्या उपायाचे पुढे काय झाले हे याच भागात कोणीतरी चिकाटीने मोजले, आणि उत्तर सगळ्यांच्या अपेक्षेच्या उलट निघाले.

विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत चालणारे काम लोकांच्या अडचणींना नेमके कसे भिडते, हे समजून घ्यायला जुन्नरच्या बिबट्यांइतके चांगले उदाहरण महाराष्ट्रात क्वचित सापडेल. संशोधन म्हटले की आपल्याला नवे औषध, नवे बियाणे, नवे यंत्र आठवते. काहीतरी नवे हाती आले तरच संशोधन झाले, असा आपला समज असतो. आरोग्य, शिक्षण आणि समाजाच्या प्रश्नांत मात्र संशोधनाचा सर्वांत मोठा उपयोग वेगळाच आहे, असे माझे मत आहे. जो उपाय आधीच चालू आहे, जो सगळ्यांना उघडउघड बरोबर वाटतो, तो खरोखर लागू पडतो की नाही हे तपासणे, हा तो उपयोग. हे काम दिसायला फार मोठे नसते. त्यातून उद्घाटन करण्याजोगे काही उभे राहत नाही. पण चुकीचा उपाय वर्षानुवर्षे चालू राहिला तर त्याची किंमत माणसे जिवाने मोजतात, आणि जुन्नर परिसरात ती मोजावी लागली.

२. उसात बिबट्या आला कुठून

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. पश्चिमेला सह्याद्रीचा घाटमाथा, भीमाशंकर आणि माळशेजचे जंगल. पूर्वेला सपाट, ओलिताखाली आलेली शेती. काही दशकांपूर्वी पूर्वेकडच्या बऱ्याच जमिनीत पावसावरची बाजरी व्हायची. कुकडी प्रकल्पातली येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे झाली, कालवे फिरले, उपसा सुरू झाला आणि उसाचे क्षेत्र वाढत गेले. जुन्नरमध्ये विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. बिबट्याच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ सरळ होता. वर्ष-दीड वर्ष उभे राहणारे, माणसाच्या उंचीपेक्षा उंच, आत गारवा आणि पाणी असलेले, दिवसा कोणी फारसे शिरत नाही असे दाट आवरण त्याला मैलोन्‌मैल मिळाले. खायला कुत्री, डुकरे, शेळ्या, वासरे होतीच.

यातून पहिली गोष्ट लक्षात घ्यायची. पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या जंगलातून वाट चुकून आलेला असतोच असे नाही. ऊसतोडीच्या हंगामात फडात पाचटाखाली बिबट्याची पिल्ले सापडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. म्हणजे कित्येक बिबट्यांचा जन्मच उसात होतो, आई त्यांना तिथेच वाढवते आणि शिकारही तिथेच शिकवते. अशा जनावराला भीमाशंकरच्या रानात नेऊन सोडणे म्हणजे त्याला घरी पोचवणे नव्हे, घरापासून तोडणे आहे.

दुसरी गोष्ट बिबट्याच्या हद्दीची. प्रौढ बिबट्या ठरावीक मुलखात वावरतो. त्या मुलखातली पाण्याची जागा, लपायची जागा, कोणत्या वस्तीवर कुत्री मोकळी असतात, माणसे कोणत्या वेळी कोणत्या वाटेने जातात, हे सगळे त्याला ठाऊक असते. माणसाला टाळायचे कसे हेही त्याला या ओळखीमुळेच जमते. मुलखातला धनी उचलून नेला की ती जागा रिकामी राहत नाही. शेजारचा किंवा नुकताच आईपासून सुटलेला तरुण बिबट्या तिथे येतो, आणि त्याला यातले काहीच माहीत नसते.

आता एक छोटे गणित करू. समजा, एका गावाच्या शिवारात पाच बिबटे वावरतात आणि त्यांपैकी एकानेच माणसावर हल्ला केला आहे. पिंजऱ्यातल्या शेळीला कोण भुलेल? पाचांपैकी कोणीही. हल्ला करणाराच अडकण्याची शक्यता ढोबळमानाने पाचात एक. चार वेळा आपण निरपराध जनावर उचलून नेऊ, त्याची जागा नव्यासाठी मोकळी करू आणि ज्याच्यासाठी पिंजरा लावला तो तिथेच राहील. पिंजरा भरला म्हणून गाव मात्र त्या रात्री निश्चिंत झोपेल.

३. चार आणि सतरा

२००१ च्या सुमारास जुन्नर परिसरात बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याची मोहीम सुरू झाली. पुढच्या दोन-तीन वर्षांत माणसांवरचे हल्ले एवढे वाढले की जुन्नरचे नाव देशभर गाजले. लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी त्याचा अर्थ असा लावला की बिबटे फार माजले आहेत, आणखी पकडायला हवेत. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट्या बाजूने विचार केला. पकडणे आणि हल्ले वाढणे यांचाच एकमेकांशी संबंध असेल तर? त्यांनी वनखात्याच्या १९९३ पासूनच्या नोंदी काढल्या. प्रत्येक हल्ला कुठे झाला, केव्हा झाला, माणूस वाचला की गेला, बिबटे कुठून पकडले आणि कुठे सोडले, हे सगळे एकमेकांशेजारी मांडले. हा अभ्यास २०११ मध्ये ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला.

आकडे असे होते. मोहिमेआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मग साधारण वर्षभरात २९ बिबटे शेतीच्या भागातून पकडून सरासरी ३९ किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले गेले. त्यानंतर हल्ल्यांची संख्या वर्षाला १७ वर गेली. अभ्यासात ही वाढ ३२५ टक्के म्हणून सांगितली आहे. ४ वरून १७ म्हणजे वाढ १३ ची. १३ ला ४ ने भागले की सव्वातीन, म्हणून ३२५ टक्के. याचा अर्थ हल्ले सव्वातीन पट झाले असा नाही, सव्वाचार पट झाले असा आहे. त्याहून गंभीर आकडा पुढचा आहे. आधी १०० हल्ल्यांतले १८ जीवघेणे ठरत, नंतर ३६ ठरू लागले. दोन्ही आकडे एकत्र धरून पाहा. ४ चे १८ टक्के म्हणजे वर्षाला एकाहूनही कमी मृत्यू. १७ चे ३६ टक्के म्हणजे वर्षाला सहा. वाढ सव्वाचार पटींची दिसत होती, पण ज्या घरातले माणूस गेले त्या घरांच्या हिशेबात ती आठ पटींच्या वर होती.

या गणितापाशी थोडे थांबायला हवे. बिबटे लांब नेणारे लोक निष्काळजी नव्हते. ते उन्हातान्हात पिंजरे वाहत होते, गावकऱ्यांचा राग झेलत होते आणि आपण जीव वाचवतो आहोत या खात्रीने काम करत होते. त्यांच्या हातून होणारे नुकसान त्यांना दिसणे अवघड होते, कारण पकडलेला बिबट्या एका तालुक्यातला आणि पुढचा हल्ला दुसऱ्याच गावात. दोन घटना एका कागदावर आल्याशिवाय त्यांचा संबंध कोणालाच जुळवता आला नसता.

४. हा योगायोग नसेल कशावरून?

जाणता वाचक इथे हरकत घेईल आणि ती घ्यायलाच हवी. एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणून पहिलीने दुसरी घडवली असे होत नाही. त्याच वर्षांत बिबट्यांची संख्याच वाढली असेल, किंवा ऊस जास्त लागला असेल. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेणारा शेतकरी ही शंका रोजच्या व्यवहारात सोडवतो. नवे औषध फवारायचे तर तो दोन सऱ्या मुद्दाम न फवारता ठेवतो. सगळ्याच प्लॉटवर करपा कमी झाला तर तो हवामानाचा गुण. फवारलेल्या सऱ्यांवरच कमी झाला तर औषधाचा. संशोधनाची पद्धत याच न फवारलेल्या सऱ्यांची आहे.

शिक्षणात ती अगदी काटेकोरपणे वापरता येते. जुन्नरच्या मोहिमेच्याच सुमारास मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ या संस्थेचा बालसखी उपक्रम चालू होता. वाचन-गणितात मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी रोज वेगळी बसवून पाया पक्का करून द्यायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी या उपक्रमाची परीक्षा घेतली. काही शाळांत बालसखी तिसरीला मिळाली, काहींत चौथीला, आणि कोणत्या शाळेला काय हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले. त्यामुळे एका शाळेतल्या तिसरीची तुलना दुसऱ्या शाळेतल्या तिसरीशी सरळ करता आली, आणि एकही शाळा उपक्रमापासून वंचित राहिली नाही. मुलांची प्रगती झाली हे सिद्ध झाले. अशा प्रयोगांच्या वाटेसाठी बॅनर्जी, डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

बिबट्यांच्या बाबतीत चिठ्ठ्या टाकता येत नाहीत. या गावाजवळ बिबटे सोडू, त्या गावाजवळ सोडणार नाही आणि माणसे कुठे मरतात ते पाहू, असे म्हणणे माणुसकीला धरून नाही. म्हणून अशा प्रश्नांत संशोधकाला घडून गेलेल्या गोष्टींतच न फवारलेल्या सऱ्या शोधाव्या लागतात. जुन्नरच्या अभ्यासात त्या जागेच्या रूपात मिळाल्या. बिबट्यांची संख्या किंवा ऊस वाढल्यामुळे हल्ले वाढले असते, तर ते सगळीकडे थोडेथोडे वाढायला हवे होते. प्रत्यक्षात ते जिथे बिबटे सोडले त्या जागांच्या आसपास एकवटलेले दिसले. दुसरा पुरावा जीवघेण्या हल्ल्यांच्या प्रमाणाचा. नुसती संख्या वाढली असती तर हल्ले वाढले असते, पण दर शंभर हल्ल्यांमागचे मृत्यू दुप्पट व्हायला काही कारण नव्हते. हल्ल्याचा प्रकारच बदलला होता. पकडताना झालेल्या जखमा, पिंजऱ्यातला ताण, अनोळखी मुलूख आणि भूक घेऊन फिरणारे जनावर वेगळे वागत होते, हा निष्कर्ष त्यामुळे बळकट होतो. चिठ्ठीच्या प्रयोगाइतकी खात्री यात नाही. पण धोरण बदलायला लागते तेवढी नक्कीच आहे.

५. गळ्यातला पट्टा काय सांगतो

सोडलेला बिबट्या पुढे करतो काय, हे नंतर थेट पाहता आले. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे एक वयस्क नर विहिरीतून बाहेर काढला गेला. त्याच्या गळ्यात उपग्रहाद्वारे ठिकाण कळवणारा पट्टा बांधला, कातडीखाली ओळखीची चिप बसवली आणि त्याला माळशेज घाटात सोडले. त्याला आजोबा हे नाव पडले. २०१४ मध्ये त्याच नावाचा मराठी चित्रपटही आला. आजोबा घाटात रमला नाही. महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडत, रात्री चालत आणि दिवसा दडून राहत तो थेट मुंबईजवळ संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. वाटेत त्याने कोणावर हल्ला केला नाही. २०११ च्या अखेरीस महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला आणि त्या चिपमुळेच तो ओळखू आला.

एका जनावरावरून नियम ठरत नाही, म्हणून बाकीचे पट्टेही पाहू. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच बिबटे होते, चार महाराष्ट्रातले आणि एक हिमाचलातला. त्यांतले दोन ५२ किलोमीटरवर नेऊन सोडलेले होते. त्यांतला नर ३७ दिवसांत सरळ रेषेत ८९ किलोमीटर गेला, मादी पाच महिन्यांत ४५ किलोमीटर. पकडलेल्या जागेजवळच सोडलेले तिघे मात्र ८ ते १५ चौरस किलोमीटरच्या मुलखात शांतपणे वावरत राहिले. दाट वस्तीच्या भागातले बिबटे रात्री घरांच्या इतके जवळ येत की त्यांच्या नोंदींपैकी २० टक्के नोंदी एखाद्या घरापासून २५ मीटरच्या आतल्या होत्या; दिवसा हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. पंचवीस मीटर म्हणजे अंगणापासून गोठ्याच्या मागच्या बांधापर्यंतचे अंतर. कोणाला न दिसता, कोणाला न दुखावता ते रोज तिथून जात होते.

जुन्नरच्या उत्तरेला लागून असलेल्या अकोले तालुक्यातही अत्रेय आणि सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेरे लावून मोजणी केली. चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त माणसे राहतात अशा शेतीच्या भागात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले. माणसांवरचे हल्ले मात्र तिथे विरळ होते. हे बिबटे खातात काय, ते त्यांच्या विष्ठेतल्या केसांवरून काढले, तेव्हा आहारातला ८७ टक्के भाग पाळीव जनावरांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी शेळ्यांचा वाटा फक्त ११ टक्के. याचे कारण प्रत्येक शेळीपालकाला ठाऊक आहे : शेळी रात्री आत कोंडलेली असते, कुत्रे मोकळे फिरते. बंदिस्त गोठा हा उपाय वनखात्याच्या पत्रकात वर्षानुवर्षे छापला जातो आणि वाचणाऱ्याला तो जबाबदारी झटकल्यासारखा वाटतो. या दोन टक्केवाऱ्या शेजारी ठेवल्या की त्याचे वजन कळते.

या सगळ्याचा परिणाम धोरणावर झाला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०११ मध्ये मानव-बिबट संघर्षाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सरसकट पकडून दुसरीकडे सोडण्याला त्यांत विरोध केला. उसात सापडलेली पिल्ले उचलून नेण्याऐवजी त्याच जागी खोक्यात ठेवायची आणि रात्री आई येऊन त्यांना नेईल याची वाट पाहायची, ही रीत आता जुन्नर विभागात रुळली आहे. पिल्ले हरवलेली मादी शिवारात भिरभिरत राहते आणि ती धोकादायक ठरते, हे त्यामागचे साधे कारण.

६. जे मोजले जात नाही ते दिसत नाही

उपाय तपासण्याच्या आधी एक पायरी असते : प्रश्न केवढा आहे ते मोजणे. बिबट्याचा प्रत्येक हल्ला बातमी होतो, म्हणून त्याच्या नोंदी तरी होत्या. याच शिवारात, याच उसात आणि याच गोठ्यांत माणसाला साप चावतो, तेव्हा तसे होत नाही. कित्येकदा रुग्ण आधी मंत्र-उताऱ्याकडे नेला जातो, मग वाटेत दगावतो आणि दवाखान्याच्या वहीत त्याचे नाव कधी चढतच नाही. देशात दवाखान्यांच्या नोंदींवरून सर्पदंशाने होणारे मृत्यू वर्षाला दीड हजारांच्या आसपास दिसत. त्याऐवजी संशोधकांनी देशभरातून निवडलेल्या साडेसहा हजारांहून जास्त वस्त्यांत घरोघर जाऊन, मृत्यू झालेल्या माणसाच्या नातेवाइकांना शेवटच्या दिवसांची सविस्तर माहिती विचारली आणि डॉक्टरांनी ती वाचून मृत्यूचे कारण ठरवले. २०११ मध्ये आलेला त्याचा निष्कर्ष वर्षाला सुमारे ४६,००० मृत्यू असा होता, म्हणजे दवाखान्यांच्या नोंदींच्या तीसपटींहून जास्त. यांतले ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते आणि तीन चतुर्थांशांहून अधिक दवाखान्याबाहेर झालेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले, आणि भारत सरकारने २०२४ मध्ये हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला.

जुन्नर तालुक्यात या आकड्यांना नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांच्या कामातून चेहरा मिळतो. सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ नये हे ध्येय धरून ते अनेक वर्षे उपचार आणि गावोगाव प्रबोधन करत आले आहेत. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो, दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात आणि घरचे अपचन समजून ओवा देतात. ही लक्षणे गावाला माहीत असणे आणि प्रतिविष व श्वासाचा आधार तासाभराच्या अंतरावर असणे, यावर जीव अवलंबून असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडते हे तालुक्याच्या ठिकाणी रुग्ण सांभाळत दाखवून दिले आणि ते ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. संशोधन विद्यापीठाच्या आवारातच होते असे नाही. नीट नोंद ठेवणारा आणि आपल्याच उपचारावर शंका घेणारा माणूस जिथे असेल तिथे ते होते.

सापाने कितीतरी जास्त माणसे मरतात, मग बिबट्याची एवढी भीती कशाला, असा युक्तिवाद कधीकधी शहरातून केला जातो. तो मला मान्य नाही. अंगणातून मूल उचलले जाण्याची भीती आकड्यांनी लहान होत नाही. संध्याकाळी बाहेर पडता न येणे, मुलांना शाळेत सोडायला-आणायला माणूस अडकणे, शेतात मजूर न मिळणे, हेही नुकसानच आहे आणि कोणत्याही मृत्युसंख्येत ते दिसत नाही.

७. मग आज काय?

सगळ्यात मोठी हरकत अजून उरली आहे. जुन्नरचा तो अभ्यास २००१ च्या आगेमागच्या वर्षांचा. आता पकडलेले बिबटे बहुधा माणिकडोहच्या निवारा केंद्रात ठेवले जातात, तरीही हल्ले थांबलेले नाहीत. २०२४ मध्ये जुन्नर तालुक्यात माणसे गेली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबुत परिसरात लहान मुलांसह माणसे दगावली आणि संतापलेल्या लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. मग संशोधनाने काय साधले? हा राग खरा आहे आणि त्याला संशोधनाचा जुना निष्कर्ष तोंडावर फेकून उत्तर देता येणार नाही. त्या अभ्यासाने एका उपायाबद्दल सांगितले की त्याने धोका वाढतो. काही करू नका, असे त्याने म्हटलेले नाही, आणि बिबट्यांची संख्या पुढे किती वाढेल याबद्दलही त्यात काही नव्हते. माणसावर वारंवार हल्ला करणारे जनावर कायमचे हटवावे लागते, याबद्दल अभ्यासकांचेही दुमत नाही. शिवाय किती धोका सहन करायचा हा प्रश्न संशोधकाचा नाहीच. तो तिथे राहणाऱ्या माणसांचा आहे. संशोधक फार तर एवढे सांगू शकतो की या वाटेने गेलात तर असे होण्याची शक्यता आहे, त्या वाटेने गेलात तर तसे.

दुसरी तक्रारही रास्त आहे : अभ्यासक येतात, माहिती घेतात, इंग्रजीत छापतात आणि गावाला त्यातले काही कळत नाही. चार आणि सतरा हे आकडे चार तालुक्यांतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागले असते, तर पिंजऱ्याभोवतीचा संवाद वेगळा झाला असता असे मला वाटते. ज्यांच्या जिवावरून हे आकडे निघाले, त्यांचा त्यांवर पहिला हक्क आहे.

सध्या जुन्नर विभागात मादी बिबट्यांच्या गर्भनिरोधाची चर्चा आहे. जन्मच कमी झाले तर संख्या आटोक्यात येईल, ही कल्पना २००१ च्या कल्पनेइतकीच सरळ आणि पटण्याजोगी आहे, आणि म्हणूनच ती तितक्याच काळजीने तपासायला हवी. किती माद्यांवर प्रयोग झाला हे यशाचे माप होऊ शकत नाही. शिवारातल्या बिबट्यांची घनता बदलली का, गोठ्यांवरचे हल्ले बदलले का, माणसांवरचे हल्ले बदलले का, बाहेरून नवे बिबटे येऊन जागा भरली का, हे सुरुवात करण्याआधीच ठरवून पुढची पाच-सात वर्षे मोजावे लागेल. शेजारचा तसाच, पण प्रयोग न केलेला पट्टाही त्याच कॅमेऱ्यांनी मोजावा लागेल.

शेतकऱ्यांच्या दिवसा थ्री फेज विजेच्या मागणीचेही तसेच. रात्री अकराला मोटर सुरू करून उसात दारे धरायला जाणारा शेतकरी बिबट्याच्या वेळेत बिबट्याच्या जागेत शिरतो, हे उघड आहे. सौर कृषी वाहिन्यांमुळे काही फीडरना दिवसा वीज मिळू लागली आहे, काही अजून रात्रीच्याच पाळीवर आहेत. म्हणजे तुलनेसाठी लागणारे दोन गट आपोआपच तयार झाले आहेत. प्रत्येक हल्ल्याची तारीख, वेळ, ठिकाण, माणूस उभा होता की वाकलेला, शेजारी कोणते पीक होते आणि त्या रोहित्रावर त्या दिवशी वीज केव्हा होती, एवढ्या सहा रकान्यांची वही वनपाल आणि वायरमन मिळून ठेवू शकतात. तिला मोठा निधी लागत नाही, आणि ती आजपासून सुरू करता येते.